डॉल्फिनचं हसू आणि आपलं तिकीट

गेल्या शनिवारी अंकुशनगरहून धाकट्या चुलत भावाचा फोन आला. उसाचं बिल जमा झालंय, पोरांना घेऊन दुबईला निघालाय. टूरवाल्याच्या कागदावर तिसऱ्या दिवशी 'डॉल्फिन शो'. मी म्हटलं, "तेवढा शो नको बघू." झालं! "दादा, आपण बैलाला वेसण घालतो, उसाच्या गाडीला जुंपतो. अन् तिकडं एका माशानं दोन उड्या मारल्या तर तुझं काय बिघडलं?"

तेव्हा काही सुचलं नाही. (माझी उत्तरं फोन ठेवल्यावरच कंपाइल होतात.) म्हणून हा लेख.

तर मंडळी, पहिला मुद्दा: डॉल्फिन मासा नाही. तो हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो आणि झोपतानाही अर्धा मेंदू जागा ठेवतो. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तो जग 'बघतो'. अशा जिवाला टाकीत ठेवलं की चारी बाजूंनी भिंतच ऐकू येणार. आणि ते गोड हसू? ती जबड्याची ठेवण. मेलेला डॉल्फिनही तसाच हसरा दिसतो.

दुसरा मुद्दा, हे येतात कुठून? काही टाकीतच जन्मतात. पण जपानमधल्या ताइजी गावी काय चालतं ते बघा. होड्यांमधून पाण्यात लोखंडी नळ्या सोडून त्यांवर ठोकतात, आवाजाने बिथरलेला कळप खाडीत कोंडतात. देखणे, तरुण निवडून मत्स्यालयांना विकतात, बाकीच्यांमधले बरेच मांसासाठी कापतात. 'द कोव्ह' या माहितीपटाने 2009 मध्ये हे जगाला दाखवलं, 2010 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. शिकार अजून चालूच आहे! कारण जिवंत डॉल्फिनला मेलेल्यापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. तो भाव कोण देतं? तिकीट काढणारा.

आपल्याकडेही हा प्रयोग झालाय. 1998 मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते, काही महिन्यांतच ते मेले. मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमला परवानगी देऊ नका असं राज्यांना कळवलं. उत्तम झालं. पण ते परिपत्रक आहे, आणि परिपत्रक दुसऱ्या परिपत्रकाने बदलतं. सिंधुदुर्गात 'सी वर्ल्ड'ची चर्चा वर्षानुवर्षं चालली. उद्या पुन्हा कुणाला रोजगार आणि पर्यटनाची आठवण आली, तर? म्हणून ही बंदी कायद्यातच स्पष्ट लिहायला हवी.

आता बैल. भावाचा टोला मला लागला, खोटं कशाला बोलू? चढावर फेस गाळणारी जोडी मीही पाहिलीय, आणि पोळ्याला पुरणपोळी चारली म्हणजे ते फिटत नाही. पण बैल हजारो वर्षं माणसाच्या दावणीला वाढलाय, आणि ऊसतोडणी करणाऱ्याचं पोट त्याच्यावर आहे. डॉल्फिनच्या उड्यांवर आपलं कुणाचं पोट आहे? अर्ध्या तासाची करमणूक, बस्स. आणि एक अन्याय चालतो म्हणून दुसरा चालवून घ्यायचा, हा कुठला न्याय? उलट बैलाचं ओझंही कमी करू या.

"पण पोरांना शिकायला मिळतं" म्हणे. काय शिकायला मिळतं? भूक लागली की मोठा प्राणीही बॉल नाकावर घेतो, एवढंच.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. तारकर्लीला होडीवाल्याला मीच जास्तीचे पैसे देऊ केले होते, "अजून जवळ घ्या" म्हणून. तो बिचारा नको नको म्हणत होता. इंजिन वाढलं आणि कळप बुडाला तो पुन्हा दिसलाच नाही. गप्प बसलो असतो तर अजून दहा मिनिटं दिसला असता.

असो. भावाला एवढंच कळवलंय: तिसऱ्या दिवशी पोरांना किनाऱ्यावर वाळूत खेळू दे. परत आलास की आपण सगळे मालवणला जाऊ, होडी लांब उभी करू आणि इंजिन बंद ठेवू. दिसले तर दिसले. न दिसणं हाही त्यांचा हक्कच आहे.