ऑर्केस्ट्राचा कंडक्टर घडतो कसा? झुबिन मेहतांची पहिली वर्षे काय सांगतात

कंडक्टर म्हटले की आपल्याला आधी एसटीतली डबल बेल आठवते. ऑर्केस्ट्राचा कंडक्टरही गाडी कधी सुटणार, कुठे थांबणार हे ठरवतोच. पण सत्तर-ऐंशी वादकांसमोर उभ्या असलेल्या या माणसाच्या हातातल्या काठीतून एकही सूर निघत नाही. मग तो शिकतो कसा?

गिटारचा सराव घरी करता येतो. कोडिंगला लॅपटॉप पुरतो. कंडक्टरचे वाद्य म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा आणि तो सहसा कुणाच्या घरी नसतो. सगळ्या वाद्यांचे स्वरलेखन एकाखाली एक मांडलेला स्कोअर पाठ करता येतो, हाताच्या खुणा आरशासमोर घोटता येतात. पण व्हायोलिने पुढे पळाली तर त्यांना आवरायचे कसे, हे आरसा सांगत नाही.

१९३६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या घरी मात्र हे वाद्य जवळजवळ होतेच. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. डॉक्टरकीचा अभ्यास सोडून झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोवस्की यांच्याकडे शिकू लागले. सोबत डबल बास वाजवत होते, म्हणजे वादकाच्या खुर्चीतून कंडक्टर कसा दिसतो हेही कळत होते. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउडिओ अबाडो चक्क गायकवृंदात दाखल झाले. १९५६ मध्ये हंगेरीतून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा जमवून मेहतांनी छावणीत कार्यक्रम केला. वाद्य मिळत नव्हते, म्हणून त्यांनी ते गोळा केले!

१९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा त्यांनी जिंकली. तिथले खरे बक्षीस होते ते वर्षभराचे सहायक कंडक्टरपद. पुढे मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिसमध्ये ठरलेले ज्येष्ठ कंडक्टर येऊ शकले नाहीत, तेव्हा बदली म्हणून मेहता उभे राहिले. काही काळातच दोन्ही ऑर्केस्ट्रांची सूत्रे त्यांच्याकडे आली. नशीब? होय, मोठेच. पण आयत्या वेळी उभे राहायला आधीचे उभे राहणे लागते.

मुद्दा इथेच आहे. आपण या कहाणीचा अभिमान बाळगतो, पण मेहतांना व्हिएन्ना का गाठावी लागली, हे सहसा विचारत नाही. आज मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. व्हायोलिन, पियानो शिकणारी मुलेही आहेत. पण त्यांच्यातल्या एखाद्याला काठी हातात घ्यायची असेल, तर त्याने चुकायचे कुठे? दर हंगामात खुल्या निवडीतून एक नवखा सहायक घ्यावा, तालमीच्या शेवटी त्याला अर्धा तास द्यावा. वादक तिथे बसलेलेच असतात.