हजेरी मुलांची की सरकारची?

राज्याच्या शिक्षणखात्याला गेल्या दशकभरात हजेरीचा विलक्षण ध्यास लागला आहे. २०१५ साली ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये शासन निर्णय निघाला, की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा विद्यार्थ्यांचे गट करून त्यांच्यासह सेल्फी काढावी व ती ‘सरल’वर चढवावी, शिक्षकांत इतका गदारोळ झाला की जानेवारी २०१७ मध्ये हे फर्मान स्थगित करावे लागले. मग १ डिसेंबर २०२३ पासून पहिली ते दहावीच्या मुलांची हजेरी ‘स्विफ्टचॅट’ नावाच्या, एका खासगी कंपनीने बनविलेल्या ॲपवर नोंदवून विद्या समीक्षा केंद्राकडे धाडण्याचा हुकूम झाला. गळके छप्पर तेच राहिले, दोन शिक्षकांवर चार वर्ग तेच राहिले. हजेरी घेण्याची रीत मात्र बदलत गेली.

यंत्राला आपला विरोध असण्याचे कारण नाही. कागदी हजेरीपटावर महिनाअखेरीस एका बैठकीत ‘उ’ आणि ‘गै’ भरले जात, हे ज्यांनी शाळा पाहिल्या आहेत ते जाणतात. प्रश्न हा आहे, की ही प्रणाली रचणाऱ्यांनी ती कोणासाठी रचली? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वहीच्या दोन बाजू पाहण्याची सवय असते. जमा असेल तर समोर नावे असावयास हवे. या वहीत एकाच बाजूला नोंदी आहेत. मूल आले नाही, एवढे त्यात लिहिले जाते. त्यामुळे सरकारवर कोणते देणे लागू झाले, तो रकाना कोणी आखलेलाच नाही.

आणि देणे तर कायद्याने लागू आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या आठव्या कलमात सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची उपस्थिती व प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांची निश्चिती करणे हे सरकारचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. म्हणजे मूल गैरहजर राहिले तर कायद्याच्या दृष्टीने कसूर प्रथम सरकारची. मोबाईलच्या पडद्यावर मात्र आरोपीच्या जागी ते मूलच उभे असते आणि त्याच्यामागे त्याचा शिक्षक.

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगावचा टापू घ्या. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, कपाशीची वेचणी चालते, तूर उभी असते. ज्याला ओलीत नाही आणि ज्याला जमीनच नाही, त्याला पुढचे सहा महिने गावात काम नाही. या जिल्ह्याच्या तांड्यांतून व वस्त्यांतून कुटुंबे ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात, शहराच्या बांधकामांवर जातात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. जाणे टळत नाही. आईच्या कडेवर धाकटे असेल तर त्याला सांभाळायला दहा वर्षांची बहीण बरोबर निघते. तिच्या नावापुढे दिवाळीनंतर रोज ‘गैरहजर’ उमटत राहते. नोंद अचूक असते, वेळेवर असते आणि मुख्यालयातल्या भिंतीवरच्या आलेखात तिचा एक ठिपकाही होतो. त्या मुलीला त्याचा उपयोग काय?

उपयोग होऊ शकला असता, हेच तर संतापजनक आहे. पालक स्थलांतरित झाले तरी मुलांना गावात ठेवता यावे म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिचे यश एका गोष्टीवर अवलंबून असते: गाडी भरण्यापूर्वी वसतिगृह उघडले पाहिजे. कुटुंब एकदा कोपीवर पोहोचले की मग मंजुरीचा कागद आला काय, न आला काय. आता पाहा, गेल्या वर्षी कोणती मुले कोणत्या आठवड्यात गळाली आणि कोणत्या महिन्यात परतली, हे हजेरीपट तारखेनिशी सांगतो. ज्या प्रणालीला एक मूल एका दिवसात हुडकता येते, तिला सप्टेंबरातच ‘या शाळेतील इतकी मुले पुढील दोन महिन्यांत जाणार, वसतिगृह मंजूर करा’ असे पत्र काढता येऊ नये? यासाठी फार मोठ्या बुद्धिमत्तेची गरज नाही. गरज आहे ती अशा पत्रानंतर पैसे सोडण्याची. म्हणून ते पत्र निघत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर एका रुपयाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९९२ साली राज्याने दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतील मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. वर्षाचे फार तर २२० रुपये. पुढे तीस वर्षे उलटली. कापसाचे, तेलाचे, आमदारांच्या वेतनाचे भाव बदलले, मुलीचा रुपया रुपयाच राहिला. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. पण ती सक्ती येण्यापूर्वी सोळा वर्षे, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहे उभारावयास घेतली होती. आजच्या राज्यकर्त्यांनी दंडाची कल्पना तेवढी उचलली. वसतिगृहांचा धडा त्यांना वाचावासा वाटला नाही.

मग हजेरीची ही माहिती जाते कोठे? पटाकडे. सतत गैरहजर राहणारे मूल आज ना उद्या पटावरून उतरते. पटावरून संचमान्यता होते, संचमान्यतेवरून शिक्षकांची पदे ठरतात आणि मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने लहान पटाच्या शाळांसाठी हे निकष अधिकच कठोर केले. २०२३ मध्ये खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा ‘समूह शाळां’त विलीन करण्याचा विचार मांडला, तेव्हा अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती. मुले कामाअभावी गाव सोडतात, म्हणून पट घटतो. पट घटतो म्हणून शिक्षक जातो. शिक्षक गेला की उरलेली मुलेही जातात. गुन्नार मिर्दाल यांनी ज्याला चक्राकार संचयी कार्यकारणभाव म्हटले, त्याचे याहून चोख उदाहरण वर्गात देण्यास मला मिळाले नव्हते.

कोणी म्हणेल, बोगस पटाचे काय? ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत लाखो विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे उघड झाले, हे खरे. परंतु ती मुले आसेगावच्या मजुराने कागदावर चढविली नव्हती. अनुदान लाटणाऱ्या संस्थाचालकांनी चढविली होती. आणि ती सापडली ती तीन दिवस अधिकारी प्रत्यक्ष शाळांत गेले, मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली, म्हणून. पुढे दोषींवर कारवाई व्हावी यासाठी लोकांना उच्च न्यायालयात जावे लागले. तेव्हा सरकारकडे उणीव यंत्राची होती की इच्छेची?

जाता जाता हेही लक्षात घ्या, की २०१८ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला, कारण लाखांची फी भरून ‘इंटिग्रेटेड’ क्लासला बसणारी मुले महाविद्यालयात फिरकतच नव्हती. त्यांच्या गैरहजेरीला कोणी ‘गळती’ म्हणाले नाही.

रोजगार हमीच्या कामावर गेलेल्यांना हा खेळ नवा नाही. मस्टर हा कधीकाळी मजुराचा पुरावा होता. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या बहुतेक कामांवर मोबाईलच्या फोटोनेच हजेरीची सक्ती झाली आणि फोटो चढला नाही म्हणून घाम गाळलेल्या दिवसाची मजुरी बुडू लागली. त्याविरुद्ध मजूर जंतरमंतरवर बसले. बापाचा दिवस ॲपने बुडविला, आता मुलीची शाळा बुडेल.

कार्यकर्त्यांनी नुसते ‘ॲप रद्द करा’ म्हणून थांबू नये. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि त्या बहुधा कागदावरच भरलेल्या असतात. त्या जागांवर बसा. ‘गैरहजर’च्या पुढे कारणाचा रकाना मागा, आणि कारण ‘स्थलांतर’ असेल तर सात दिवसांत कोणत्या अधिकाऱ्याने काय केले हेही त्याच पडद्यावर दिसले पाहिजे असा आग्रह धरा. रेंज नसली तरी नोंद झाली पाहिजे. मुलांची माहिती शाळेची व सरकारची राहिली पाहिजे, कंपनीची नव्हे. आणि मागील दोन वर्षांच्या हजेरीवरून जाणाऱ्या मुलांची यादी आताच करावयास घ्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हंगामी वसतिगृहाचा ठराव झाला तर तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे भादव्यात पोहोचेल, आणि मंजुरीसाठी पाठपुरावा करण्यास दसऱ्यापर्यंतचा अवधी हाती राहील.