आधी गुण्या, मग ड्रिल मशीन

घरच्या घरी छोटी कार्यशाळा थाटण्याची हौस असलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो : "सर, कोणते ड्रिल मशीन घेऊ?" हौस उत्तम आहे. प्रश्न मात्र शेवटाकडून सुरू झालेला आहे. ड्रिल मशीन भोक पाडते. ते कोठे पाडायचे, हे त्याला कळत नाही. खूण चुकली असेल, तर चुकीच्या जागचे भोक अधिक झटपट पडते, एवढाच काय तो फायदा!

माझे मत असे, की पहिले पैसे मोजण्याच्या हत्यारांवर खर्च करावेत, त्यानंतरचे धरण्याच्या, मग कापण्याच्या; आणि विजेवर चालणारे हत्यार अगदी शेवटी घ्यावे. साध्या ड्रिल मशीनच्या किमतीत यांतली बहुतेक हत्यारे येतात, आणि वीज गेली तरी त्यांचे काम थांबत नाही.

मोजण्यासाठी काय हवे? तीस सेंटिमीटरची पोलादी पट्टी, एक टेप, सुताराचा गुण्या, ओळंबा आणि पाणसळ, म्हणजे दुकानात आजकाल जिला 'लेव्हल' म्हणतात ती. ओळंबा विकत घ्यायलाच हवा असे नाही. बळकट दोऱ्याला जड नट बांधला की झाला. टेप हातात घ्याल तेव्हा तिच्या टोकाचा आकडा हलवून पाहा. तो थोडा सैल असतो. पुष्कळांना वाटते टेप बिघडली आणि ते आकडा ठोकून घट्ट करतात. वस्तुतः तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो. फळीच्या कडेला अडकवून मोजताना आकडा बाहेर ओढला जातो आणि भिंतीला टेकवून मोजताना आत सरकतो. तो सरकतो त्याच्या स्वतःच्या जाडीइतकाच. त्यामुळे दोन्ही मापे बरोबर येतात. इतका सुंदर विचार एवढ्याशा पत्र्यात आहे!

आता एक कोडे. पाणसळ टेबलावर ठेवली आणि बुडबुडा मध्यभागी नाही. दोष टेबलाचा की पाणसळीचा? दुसरी, अधिक चांगली पाणसळ आणण्याची गरज नाही. आहे तीच उचला आणि टोके बदलून पुन्हा त्याच जागी ठेवा. बुडबुडा पूर्वी खिडकीकडे सरकला होता आणि आताही खिडकीकडेच, तितकाच सरकला, तर टेबल कलते आहे. तो आता दाराकडे तितकाच गेला असेल, तर पाणसळच चुकीची. गुण्याचेही तसेच. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ ओढा. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर काटकोन खरा. फाकल्या, तर त्यांच्यातील कोनाच्या निम्मी चूक गुण्यात आहे. वस्तूचा दोष आणि उपकरणाचा दोष असे वेगळे काढता येणे, हे भौतिकशास्त्राच्या प्रयोगाचे अर्धे शिक्षण आहे. दरवर्षी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात व्हर्निअर प्रथमच हातात धरणारी मुले मी पाहतो. त्यांना शून्यांक दोषाचे सूत्र तोंडपाठ असते. पण उपकरण चुकीचे असू शकते, ही शंकाच त्यांना कधी आलेली नसते.

हे सर्व जुन्या काळचे वाटते का? मग आमच्या हिंगोली जिल्ह्यात काय उभे राहायचे आहे ते पाहा. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, 'लायगो-इंडिया', उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब आणि एकमेकींना काटकोनात असणार. म्हणजे जणू एक अवाढव्य गुण्याच! गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित लांबते आणि दुसरी किंचित आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असू शकतो. अमेरिकेतील अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या पाणसळीसारखाच होता : हे आकाशातून आले की उपकरणातून? सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन्ही ठिकाणी, सात मिलिसेकंदांच्या अंतराने, तोच आकार उमटला, म्हणून ते खरे मानले गेले.

आणि ओळंबा? चार किलोमीटरच्या भुजेच्या दोन टोकांना दोन ओळंबे सोडले, तर ते एकमेकांना समांतर राहत नाहीत. दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेले असतात. चार किलोमीटरला पृथ्वीच्या ६३७१ किलोमीटर त्रिज्येने भागा. कोन सुमारे दोन मिनिटे येतो. तेवढ्या अंतरात जमिनीची वक्रता सव्वा मीटरच्या आसपास भरते. प्रकाशकिरणाला मात्र सरळच जायचे असते. म्हणून तेथे 'पाणसळीत' आणि 'सरळ' या दोन निराळ्या गोष्टी ठरतात. गवंड्याच्या हातातील दोऱ्यापासून निघालेला विचार कोठे जाऊन पोचतो, ते तुमच्या ध्यानात आले असेल.

धरण्याचे हत्यार म्हणजे व्हाइस. ज्याला आपल्याकडे शेगडा हे चांगले नाव होते आणि आता जे कोणी वापरत नाही, तोच हा. लहानसा शेगडा जाड फळीवर बसवा. तुमचा एक हात वस्तू धरण्यातून मोकळा होतो आणि करवतीच्या वाटेत बोट येत नाही. माझ्या पेटीत एकच महागडी वस्तू ठेवायची म्हटली, तर मी शेगडाच ठेवीन. पक्कड तर घरोघरी असतेच. तिचा जबडा खिळीपासून तीन सेंटिमीटरवर आणि हात पंधरा सेंटिमीटरवर असेल, तर जोर पाचपट होतो. तार खिळीच्या जवळ, दीड सेंटिमीटरवर धरली तर दहापट. सहावीच्या पुस्तकातील तरफ ती हीच. अडकित्त्यात मात्र टेकू टोकाला असतो आणि सुपारी मध्ये, म्हणून तो दुसऱ्या प्रकारची तरफ. हत्यारे हा मुलांचाच प्रांत समजणाऱ्यांनी घरात अडकित्ता, विळी आणि सुई कोण सफाईने चालवते, ते एकदा पाहावे.

कापण्यासाठी लोखंड कापायची करवत आणि एक कानस पुरते. करवतीचे पाते बसवताना दाते पुढे, म्हणजे मुठीपासून दूर रोखलेले असावेत. ती ढकलताना कापते. पत्रा पातळ असेल तर बारीक दात्यांचे, इंचाला बत्तीस दाते असलेले, पाते घ्या. एका वेळी निदान दोन-तीन दाते धातूवर टेकले पाहिजेत. नाहीतर पत्रा दोन दात्यांच्या मधल्या खाचेत अडकतो आणि दाते तुटतात.

हातोडी तीनशे ग्रॅमची घ्या, मोठी नको. तिचे गणित करून पाहा. सेकंदाला पाच मीटर वेगाने ती खिळ्यावर आदळली, तर तिची गतिज ऊर्जा पावणेचार जूल. खिळा पाच मिलिमीटर आत गेला आणि सर्व ऊर्जा त्यातच खर्च झाली असे मानले, तर सरासरी बल साडेसातशे न्यूटन. म्हणजे पंच्याहत्तर किलोचा माणूस त्या खिळ्यावर उभा राहावा तसे! कार्य-ऊर्जेचा हा नियम फळ्यावर कितीही वेळा लिहिला, तरी मनगटाला तो हातोडीनेच कळतो.

आता विजेच्या हत्यारांविषयी. ड्रिल मशीन वाईट नाही. शिकलेल्या हाताला ते फार उपयोगी आहे, आणि गल्लीत चार घरांत मिळून एक असले तरी पुरते. घेताना त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का, ते पाहा; ती दुहेरी विद्युतरोधनाची खूण होय. खूण नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग हवेच. आमच्याकडील काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचे ते याचसाठी. लहान पत्र्याला भोक पाडताना तो कधीही हातात धरू नका. पाते पलीकडे निघता निघता पत्र्यात अडकते आणि पत्रा गरकन फिरतो. तो शेगड्यातच धरावा.

ग्राइंडर मात्र शाळकरी मुलांनी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा सेंटिमीटरची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते. तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक होतो. तडा गेलेली चकती त्या वेगाने फुटली, तर पुढे डोळा आहे की भिंत, हे ती पाहत नाही.

शिक्षकांना काही सुचवावेसे वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करताना बुद्धी शिकते, हा त्यांचा आग्रह होता. तेथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम अनेक माध्यमिक शाळांत गेला. मुले आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, शेती, ऊर्जा आणि आरोग्य यांची प्रत्यक्ष कामे करतात. प्रत्येक शाळेला एवढे जमेलच असे नाही. पण बऱ्याच शाळांत प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असते. साहित्य हरवले तर जबाबदार कोण, ही त्यामागची भीती. ती खोटी नाही. मग निदान हत्यारांची एक फळी कपाटाबाहेर लावता येईल. प्रत्येक हत्याराची बाह्याकृती फळीवर रंगवा; एखादे जागेवर नसेल तर दुरूनच कळते. शेजारी एक वही टांगा आणि हत्यार नेणाऱ्याने त्यात आपले नाव लिहावे. मोडले तर मोडले. बाकाचा हलणारा पाय मुलांनी स्वतः बसवला, तर त्या एका दुरुस्तीत पक्कडीची किंमत वसूल होते.

तुम्ही विद्यार्थ्यांनी तोवर वाट पाहू नये. या रविवारी दोरा आणि नट घेऊन वर्गाच्या किंवा घराच्या दाराची चौकट ओळंब्यात आहे का ते तपासा. मग दाराच्या चौकटीचा काटकोन गवंड्याच्या रीतीने पाहा : कोपऱ्यापासून एका बाजूला साठ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला ऐंशी, आणि त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर शंभर भरते का? न भरल्यास किती फरक पडला तो मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, आणि टेप बदलून पुन्हा मोजा.