विश्लेषण : फुंकर मारून कॅलरी मोजणारी यंत्रे किती विश्वासार्ह?

मुठीत मावणाऱ्या यंत्रात काही मिनिटे श्वास सोडला, की शरीर आराम करतानाही दिवसाला किती उष्मांक खर्च करते, हे पडद्यावर दिसते. शहरातील व्यायामशाळांसाठी ही हौस असेल. मात्र गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यातल्या चिचगडसारख्या भागात, जिथे पोषण आहाराची गरज सूत्राने ठरते, तिथे त्या आकड्याला वेगळे वजन आहे.

सूत्रात अडचण काय?

प्रचलित सूत्रे बऱ्याच अंशी युरोपीय, त्यातही मोठ्या प्रमाणात इटालियन पुरुषांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. १९८५च्या जागतिक सूत्रानुसार ४५ किलो वजनाच्या तरुणीला विश्रांतीत सुमारे ११५८ किलोकॅलरी लागतात. भारतीयांचा मूलभूत चयापचय याहून साधारण ५ टक्के कमी धरून ‘आयसीएमआर’ने २०१०मध्ये शिफारशी केल्या, म्हणजे गरज ११०० वर येते.

या वादाला मराठी इतिहासही आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये दरडोई २२५० कॅलरींवर दारिद्र्यरेषा आखली. पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप होता, की एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी नसतो.

यंत्र नेमके काय मोजते?

उष्णता नव्हे, वायू. शरीराने घेतलेला प्राणवायू आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांवरून १९४९च्या वीर सूत्राने ऊर्जा काढतात. प्रयोगशाळेतील यंत्र दोन्ही मोजते. स्वस्त यंत्रे बहुधा एकच वायू मोजतात आणि दुसरा गृहीत धरतात. फक्त प्राणवायू मोजला तर या गृहीतकाची चूक जेमतेम ३-४ टक्के होते. फक्त कार्बन डायऑक्साइड मोजला तर मात्र शरीर भात जाळते आहे की चरबी, यावर आकडा १२-१५ टक्के इकडेतिकडे सरकू शकतो. जाहिरातीत हा फरक सहसा सांगितला जात नाही.

अचूकता कशी तपासतात?

ठरावीक मिथेनॉल जाळून किती वायू दिसायला हवा, हे आधीच माहीत असते. यंत्र तेच दाखवते का, हे पाहतात. मग त्याच माणसाची, उपाशीपोटी आणि अर्धा तास पडून राहिल्यावर, दोन्ही यंत्रांवर मोजणी होते. इथे सरासरी फसवी ठरते. एकाला १०० जास्त, दुसऱ्याला १०० कमी दाखवणारे यंत्रही सरासरीत निर्दोष दिसते. म्हणून १९८६पासून ब्लँड-ऑल्टमन पद्धतीने प्रत्येक माणसातील फरक पाहिला जातो. मुखवट्याची गळती, विदर्भातील उन्हाळा, दमट हवा यांची भर वेगळीच. थंड खोलीत जुळवलेले यंत्र मे महिन्यात तितकेच जुळेल, असे मानता येत नाही.

चिचगडला याचा उपयोग कितपत?

सामान्यतः १० टक्क्यांच्या आतला फरक चालवून घेतला जातो. ११०० वर तो ११० किलोकॅलरी, म्हणजे वाटीभर भात. ज्या ५ टक्क्यांसाठी सगळा वाद आहे, त्याच्या दुप्पट ही चूक होते. त्यामुळे असे यंत्र गटाची सरासरी सांगायला कदाचित कामी येईल, पण एखाद्या बाईच्या शिध्यात कपात किंवा वाढ त्याच्या एका आकड्यावर ठरवता येणार नाही. तिथे वजनकाटा आणि दंडघेराची पट्टी अजून तरी जास्त भरवशाची आहे.