शोभेची आग आणि होरपळलेल्यांचा न्याय

मेजावर ठेवून मद्यार्कावर पेटवावयाचे छोटेसे अग्निकुंड ही आजच्या बाजाराची नवी हौस आहे. सिमेंटचे किंवा काचेचे भांडे, त्यात ओंजळभर स्पिरिट, वर नाचणारी ज्योत आणि भोवती जमलेली मुलेमाणसे, असे मोहक चित्र दाखवून हा माल खपविला जातो. आमचे मत आम्ही आरंभीच स्पष्ट सांगतो. हा माल मुळातच सदोष आहे. आणि त्याने भाजलेल्या माणसालाच निष्काळजी ठरवून मोकळे होण्याची जी रीत पडू पाहत आहे, ती जखमेवर मीठ चोळणारी आहे.

पुरावा अमेरिकेचा आहे. 2024 च्या डिसेंबरात तेथील ग्राहक-वस्तु सुरक्षा आयोगाने असली अग्निकुंडे विकू नका आणि वापरूही नका, असा जाहीर इशारा दिला. 2019 पासून 2 मृत्यू आणि किमान 60 जखमी, हा त्या आयोगाचा हिशेब. त्याच्या दोनच महिने आधी एका कंपनीची सुमारे 89,500 अग्निकुंडे परत मागविण्यात आली होती. त्यांच्यासंबंधी 31 तक्रारी होत्या. 19 माणसे भाजली होती, आणि त्यांपैकी दोघांच्या शरीराचा 40 टक्क्यांहून अधिक भाग खोलवर जळाला होता.

हे घडते कसे? मद्यार्काची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. इंधन संपले, आग विझली, असे समजून माणूस बाटलीतून पुन्हा स्पिरिट ओततो. तळाशी लपलेली ज्योत वाफेला धरते, ती वाफ बाटलीत पेटते आणि आतल्या दाबाने जळते इंधन पिचकारीसारखे बाहेर फेकले जाते. ते ओतणाऱ्यावर पडते, तसेच समोर बसलेल्या पाहुण्यावर आणि पोरावरही पडते. या ज्वाळेची उष्णता 870 अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते, आणि कातडीच्या सर्व थरांपर्यंत भाजण्यास एक सेकंदही लागत नाही, असे आयोगच सांगतो. पळावयास तरी अवसर कोठे आहे? शिवाय भांडे नुसते कलंडले, तरी उघडे साचलेले स्पिरिट जळतच मेजभर पसरते.

कोणी म्हणेल, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नये हे आमच्या आजीलाही ठाऊक होते. मग या शहाण्यांना का नसावे? या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. आजीला स्टोव्हची आग दिसत होती, तिचा फरफर आवाज ऐकू येत होता. येथे आगच दिसत नाही. शिवाय पुन:पुन्हा इंधन भरणे हाच या वस्तूचा नित्याचा वापर आहे. त्याला दुरुपयोग कसे म्हणावे? ज्या वस्तूचा नेहमीचा वापरच जिवावर बेततो, तिच्या खोक्यावर बारीक अक्षरांत इशारा छापला म्हणजे पापक्षालन होत नाही.

न्यायालयांनी हे तत्त्व पूर्वीच ओळखले आहे. सदोष मालाने इजा झाली, तर उत्पादकाचा हलगर्जीपणा सिद्ध केल्यावाचूनही तो जबाबदार धरता येतो, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली ग्रीनमन खटल्यात दिला. आज लढा आहे तो ऑनलाइन पेढ्यांशी. ‘आम्ही केवळ बाजार मांडतो, माल दुसऱ्याचा’ हा त्यांचा बचाव. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 2020 साली, लॅपटॉपच्या बॅटरीच्या खटल्यात, ॲमेझॉनचा हा बचाव फेटाळला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2021 साली दुसऱ्या एका खटल्यात तो मान्य केला. म्हणजे जखम तीच, पण राज्याची हद्द ओलांडली की न्याय बदलतो!

आमच्याकडे कायदा आहे, पण तो वापरावयाची सवय नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने रचनेतील दोष आणि अपुरा इशारा या दोहोंबद्दल उत्पादकावर दायित्व टाकले आहे. उत्पादक अज्ञात असेल किंवा परदेशी असल्यामुळे भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर विक्रेत्याला पकडता येते. तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. धोकादायक माल परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे.

म्हणून आम्ही सांगतो की, प्रथम वाहत्या थंड पाण्याखाली 20 मिनिटे जखम धरा आणि रुग्णालय गाठा. पण घरी परतल्यावर ते भांडे आणि ती बाटली फेकून देऊ नका. पावती, खोके, छायाचित्रे आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवा. विक्रेत्याने पैसे परत करण्याचे गोड बोलून भांडे मागितले, तरी ते हातचे सोडू नका. तोच तुमचा साक्षीदार आहे. आणि सरकारला आमचे सांगणे एवढेच की, माणसे जळण्याची वाट न पाहता, उघडे मद्यार्क जाळणारी ही खेळणी बाजारातून उठवावी. इशाऱ्याच्या चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या; आता बंदी हवी.