खाजेच्या गोळीला तास लागतो

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, शिंका थांबेनात किंवा डोळे चुरचुरू लागले की अहेरी असो वा पुणे, हात जातो तो एकाच गोळीकडे. कुणी तिला सेट्रिझिन म्हणते, कुणी सीपीएम, कुणी नुसतेच ‘खाजेची गोळी’. ती घेतल्यावर दहा मिनिटांत अंग तपासले जाते, गांधी तशाच दिसतात आणि दुसरी गोळी पोटात जाते. पहिली गोळी खराब नसते. तिला पुरेसा वेळ मिळालेला नसतो, एवढेच.

तोंडाने घेतलेले औषध पोटात विरघळून, आतड्यातून रक्तात उतरून त्वचेपर्यंत पोहोचायचे असते. त्वचेत हिस्टामिन टोचून सेट्रिझिनची परीक्षा घेतली गेली, तेव्हा निम्म्या लोकांत २० मिनिटांत आणि जवळजवळ सर्वांत तासाभरात परिणाम दिसू लागला. फेक्सोफेनाडिनची रक्तातील पातळी शिखरावर जायला दोन-तीन तास लागतात. ती गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी, फळांच्या रसाबरोबर ती कमी शोषली जाते. जुन्या सीपीएमचे बरेचसे श्रेय झोपेला जाते. डोळा लागला की खाजेचा विसर पडतो. पण ती गोळी घेऊन आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर मोटारसायकल चालवणे, किंवा वर मोहाची घेणे, हा धोका खाजेपेक्षा मोठा आहे.

शिवाय ही औषधे हिस्टामिनला पेशीवर बसण्याची जागा अडवतात. त्यामुळे नवी गळती थांबते, पण केशवाहिन्यांतून आधीच पाझरलेले पाणी ओसरायला त्याचा वेळ लागतोच. खाज तासाभरात कमी झाली तरी सुजलेली पापणी किंवा ओठ दुसऱ्या दिवशीही सुजलेला दिसू शकतो. चोंदलेल्या नाकावर तर या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा नियमाने काही दिवस वापरावा लागतो.

खाज, शिंका, पाणावलेले डोळे असतील तर हा तास खुशाल जाऊ द्यावा. प्रश्न वेगळ्याच ठिकाणी आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा तालुक्यांतली घरेच्या घरे पहाटे जंगलात असतात. त्याच झाडांवर आग्या मोहोळ असते. माश्या उठल्या, कुणाला चावल्या, की तिथेही पहिला विचार खाजेच्या गोळीचाच होतो. बहुतेकांना नुसती सूज आणि आग होते, त्यांना गोळी पुरते. पण माशीच्या विषाची तीव्र ॲलर्जी असलेल्या एखाद्याचा घसा सुजू लागतो, रक्तदाब कोसळतो, आणि तेव्हा हिशेब तासांचा राहत नाही.

अशा मृत्यूंच्या नोंदी ब्रिटनमध्ये रिचर्ड पम्फ्री यांनी तपासल्या आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कीटकदंशानंतर श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक वेळ होता १५ मिनिटे. गोळी अजून आतड्यातच असते. आणि ती झटपट पोहोचली असती तरी काम भागले नसते, कारण या झटक्यात हिस्टामिनबरोबर इतर अनेक रसायने सुटतात. कोसळलेला रक्तदाब वर आणणे आणि सुजलेला श्वासमार्ग मोकळा करणे या औषधांना जमत नाही. ते काम ॲड्रेनॅलिनचे. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत टोचले की ते काही मिनिटांत लागू पडते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे कमी, आणि फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा.

आवाज घोगरा होणे, श्वासात शिट्टी वाजणे, घेरी, दंशानंतर लगेच सुरू झालेल्या उलट्या किंवा पोटात कळा या खुणा दिसल्या की गोळी शोधत बसू नये. गांधी उठल्याच पाहिजेत असेही नाही. काहींच्या अंगावर काहीच दिसत नाही आणि माणूस थेट कोसळतो. त्याला आडवे झोपवावे, पाय उंच करावेत, उठवून चालवू नये; फक्त दम लागत असेल तर टेकून बसू द्यावे. शेकडो माश्या चावल्या असतील तर ॲलर्जी नसतानाही विषाचे प्रमाणच मूत्रपिंडांना घातक ठरते, म्हणून त्याला दवाखान्यात न्यावेच लागते.

दवाखान्यात पोहोचल्यावरही सवय आडवी येते. एव्हिल आणि डेक्साची सुई आधी, ॲड्रेनॅलिन ‘गरज पडली तर’, हा क्रम अनेक ठिकाणी पाहायला मिळतो. तो उलटा आहे. सर्पदंशाचे रुग्ण वारंवार येणाऱ्या या जिल्ह्याला तर तो अधिकच महागात पडू शकतो, कारण सापाच्या विषावरच्या लसीचीच काहींना अशी प्रतिक्रिया येते. श्रीलंकेत एक हजाराहून अधिक सर्पदंश रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लस देण्याआधी त्वचेखाली थोडे ॲड्रेनॅलिन दिले तर तीव्र प्रतिक्रिया लक्षणीय घटल्या. प्रोमेथाझिन हे ॲलर्जीविरोधी औषध आणि हायड्रोकॉर्टिसोन यांनी मात्र फरक पडला नाही.

ॲड्रेनॅलिनने हृदयावर ताण येतो, ही भीती डॉक्टरांतही आहे. ती बव्हंशी शिरेतून घाईने दिलेल्या औषधाची आहे. मांडीत योग्य मात्रेत दिलेले औषध सुरक्षित आहे, आणि धाप लागलेल्या माणसाला ते न देणे जास्त धोक्याचे. परदेशात ते पेनसारख्या तयार सुईत मिळते. आपल्या दुकानांत ती सहज मिळत नाही आणि महागही असते, पण साधी कुपी स्वस्त आहे.

मग ही कुपी जंगलाजवळ कशी न्यायची? ती तिथे आजही जाते. लसीकरणाच्या सत्रात एएनएम ताईंजवळ ॲनाफिलॅक्सिस किट असते, त्यात ॲड्रेनॅलिन, सिरिंज आणि वयाप्रमाणे मात्रेचा तक्ता असतो. लस दिल्यावर बाळाला प्रतिक्रिया आली तर पहिली मात्रा त्यांनीच टोचायची आणि रुग्णाला पुढे पाठवायचे, अशी सोय सरकारनेच केली आहे. बाळासाठी जो हात विश्वासाचा ठरतो, तोच मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईसाठी अविश्वासाचा का ठरावा? या किटचा वापर लसीकरणापुरता न ठेवता कीटकदंशासाठीही खुला करणारा स्पष्ट आदेश निघाला पाहिजे. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाहून गडचिरोली शंभर किलोमीटरहून दूर आहे, आणि भामरागडच्या आतल्या टोल्यांहून अहेरीच कित्येक तासांची वाट. १०८ ची गाडी बोलावता येते, पण पंधरा मिनिटांत ती तिथे पोहोचेल असे गणित कुणी मांडू नये.

अडचणी आहेतच. हे औषध ऊन आणि उजेड सहन करत नाही, आणि इथला मे महिना कसा असतो ते सांगायला नको. कुपी सावलीत, डब्यात ठेवावी लागेल आणि द्रव तपकिरी झाला की फेकावी लागेल. पहिल्या सुईनंतर बरे वाटले तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून रुग्णाला रुग्णालयात आणावेच लागेल. खाजेची गोळी द्यायची तर तेव्हा, उरलेल्या गांधींसाठी.

पेसा कायद्यामुळे या भागातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. दर आणि मजुरी हंगामाआधीच्या बैठकीतच ठरते. फळीवर किट कुणाजवळ राहील, त्या दिवसांत कोणत्या एएनएम जवळ असतील आणि कुपीची मुदत कधी संपते, हेही त्याच बैठकीत लिहून घेता येईल.