हरलो तेव्हा मुझुमदार, जिंकलो तेव्हाही मुझुमदार

19 ऑक्टोबर 2025 ला आपल्या होळकर स्टेडियमवर भारताच्या मुली इंग्लंडकडून 4 धावांनी हरल्या. जिंकायला 289 हव्या होत्या. स्मृती मानधनाने 88 केल्या, हरमनप्रीतने 70, दीप्ती शर्माने आधी 4 बळी घेतले आणि मग 50 धावाही केल्या, तरी डाव 284 वर थांबला. चार गडी हातात राहिले आणि चारच धावा कमी पडल्या. विश्वचषकातला हा सलग तिसरा पराभव. दुसऱ्या दिवसापासून पेपरात, टीव्हीवर, मोबाइलवर एक माणूस सापडला: प्रशिक्षक अमोल मुझुमदार.

पुढे 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत याच मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि झोडपणाऱ्यांनीच मुझुमदारांना डोक्यावर घेतलं. आता भिशीत विषय निघाला की बायका म्हणतात, "उगीच बोलले हो त्या बिचाऱ्याला." मला यातला 'उगीच' मान्य नाही आणि 'बिचारा' तर मुळीच नाही. टीका योग्य होती की नाही, हे नंतर कप मिळाला की नाही यावरून ठरत नसतं. विचारलेला प्रश्न नीट होता का, यावरून ठरतं.

नीट असलेला प्रश्न आधी घेऊ. इंदूरच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर ठेवून रेणुका सिंगला घेतलं, म्हणजे एक फलंदाज कमी केली आणि गोलंदाज वाढवली. पाठलाग करताना डाव शेवटी अडखळला, तेव्हा ती नसलेली फलंदाज सगळ्यांना आठवली. हा प्रश्न विचारायलाच हवा होता. प्रशिक्षक पगारी माणूस आहे, देशाचा संघ त्याच्या हाती दिलेला आहे, त्याने उत्तर द्यावं. त्यातून 2024 च्या ऑक्टोबरमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात आपला संघ पहिल्याच फेरीत घरी आला होता, तोही त्यांच्याच हाताखाली. विचारू नये तर काय करावं?

पण या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग फार थोड्यांनी सांगितला. इंदूरच्या आधी आठवडाभर, 12 ऑक्टोबरला, विशाखापट्टणमला आपण 330 धावा केल्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाने त्या पार केल्या. तेव्हा ओरड कशाची होती? पाच गोलंदाजांवर कसं भागेल, सहावी हवीच! सहावी आणली तर म्हणे फलंदाज का काढली. शिवाय जेमिमा तोवरच्या चार सामन्यांत दोनदा शून्यावर बाद झाली होती. चादर तोकडी असली की डोकं झाकलं तर पाय उघडे पडतात. टीका चादरीवर करा, ती तोकडी का राहिली हे विचारा. एका दिवशी डोक्यासाठी आणि दुसऱ्या दिवशी पायांसाठी शिव्या देणं म्हणजे टीका नव्हे.

आणि एक सूर तर सरळसरळ हलका होता: स्वतः भारतासाठी एकही सामना खेळला नाही, हा काय शिकवणार? बायांनो, हे ऐकून आपल्याला राग यायला हवा. मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात 260 धावा काढणारा, प्रथम श्रेणीत 11,167 धावा आणि 30 शतकं करणारा हा फलंदाज. सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात जन्मला म्हणून त्याला दार उघडलं नाही. ज्यांना स्वतःला दहावीच्या पुढे शिकू दिलं नाही अशा कितीतरी आयांनी मुलींना डॉक्टर, वकील केलं. त्यांना कुणी विचारलं का, तुमची पदवी कुठंय? निर्णयावर बोला. नशिबावर बोलणं ही टीका नाही, ती नुसती निंदा आहे. आणि संघ हरला असता तरी ती निंदाच राहिली असती.

आता मला जी खरी तक्रार करायची आहे ती वेगळीच आहे. आपल्याकडे प्रश्न जोरात विचारतात, पण चुकीच्या दारावर. 2018 चं आठवतंय? टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राजला बसवलं, आपण इंग्लंडकडून हरलो, आणि मग प्रशिक्षक रमेश पोवार विरुद्ध मिताली असं भांडण आठवडाभर चाललं. पोवारांचा करार संपला, विषय मिटला. 2021 मध्ये तेच पोवार पुन्हा प्रशिक्षक झाले. डिसेंबर 2022 मध्ये त्यांना तिथून हलवलं, आणि ती खुर्ची ऑक्टोबर 2023 पर्यंत, मुझुमदार येईपर्यंत, कायमच्या माणसाविना राहिली. दहा महिने! त्यातच फेब्रुवारी 2023 चा टी-ट्वेंटी विश्वचषक झाला. उपांत्य सामन्यात आपण ऑस्ट्रेलियाकडून 5 धावांनी हरलो. तेव्हा घराघरात चर्चा कशाची होती, तर हरमनप्रीतची बॅट जमिनीत अडकली आणि ती धावबाद झाली, त्याची. रिकाम्या खुर्चीबद्दल किती जणांनी लिहिलं? पुरुषांच्या संघाला विश्वचषकाला मुख्य प्रशिक्षकाशिवाय पाठवून पाहा बरं, काय गहजब होतो तो. मुझुमदारांवर तुटून पडणाऱ्यांना हा प्रश्न तेव्हा सुचला असता, तर त्यांची आजची कडक भाषाही मी ऐकून घेतली असती.

चुकीच्या दारावर जाण्याची ही खोड आपल्या शहरानेही त्याच आठवड्यात दाखवली. हॉटेलातून कॅफेकडे चालत निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंची इंदूरच्या रस्त्यावर एकाने छेड काढली. माणूस पकडला गेला. पण आपल्याच शहरातल्या एका मंत्र्यांनी यातून खेळाडूंनीही धडा घ्यावा, असं सांगितलं. बाहेर पडताना कळवायला नको का? म्हणजे प्रश्न पुन्हा बाईलाच. शहर असं का झालं, हे कुणाला विचारायचं?

कप जिंकल्यावरही दार चुकलंच. 1988 च्या त्या शाळेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी 664 धावांची भागी करत होते आणि पॅड बांधून बसलेल्या अमोलची पाळी आलीच नाही, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली. त्यांना 'चक दे'मधला कबीर खान केलं. गोष्ट सुंदर आहे, माझेही डोळे ओले झाले. पण उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे 338 पार करताना नाबाद 127 कुणी केल्या? इंदूरला बाहेर बसवलेल्या जेमिमाने. अंतिम सामन्यात 87 धावा आणि 2 बळी कुणाचे? प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐनवेळी बोलावलेल्या शफालीचे. 58 धावा आणि 5 बळी दीप्तीचे. बायका मैदानात खेळतात आणि मथळा पुरुषाचा होतो: हरल्या तर त्याची चूक, जिंकल्या तर त्याची तपश्चर्या.

आणि जेमिमाच्या त्या 127 धावांनी इंदूरचा प्रश्न पुसला गेला नाही, उलट जास्तच नीट उभा राहिला. तिला तेव्हा का काढलं आणि चारच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध परत का घेतलं, हे मला आजही मुझुमदारांकडून ऐकायचं आहे. हारतुरे घालून झाल्यावर विचारा, पण विचारा. हरल्यावर ज्याचा हिशेब मागितला त्याला जिंकल्यावर मखरात बसवून गप्प राहणं, हाही त्या माणसावर अन्यायच आहे.

इथले हिंदी पेपर टीकेला 'आलोचना' म्हणतात. आपल्या घरात आलोचना पाठ म्हणतात तो स्वतःचे दोष स्वतःसमोर मांडायला. 20 ऑक्टोबरला आम्ही जे बोललो त्यातलं बरोबर काय आणि चूक काय, असं 3 नोव्हेंबरला कुणी छापलेलं तुम्ही वाचलंत का? दुसऱ्याची झाडाझडती घेणाऱ्याने आपला हिशेबही उघडा ठेवावा.

मुलींचा संघ पुन्हा हरेल, खेळ आहे. तेव्हा प्रशिक्षकाला सांभाळून घ्या, असं मी म्हणणार नाही. सांभाळून घेतात ते हौशी संघाला. निर्णयाचा हिशेब कडक मागा, त्याच्या नशिबाची टिंगल करू नका, आणि तेवढ्याच कडकपणे मंडळाच्या ऑफिसचंही दार वाजवा. मुलींच्या क्रिकेटला तेवढा मान द्यायला आता हरकत नसावी.